सिस्टर, तुमचं शिक्षण किती?

आमच्या हॉस्पिटलात पेशंट सोडला तर कुणीही उठून सिस्टरचं शिक्षण विचारतं. पेशंट विचारत नाही, कारण त्या वेळी त्याला सुई दिसत असते.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो सासूबाईंनी, बघायला आल्या तेव्हा. मी म्हटलं, "जीएनएम." त्यांनी समाधानानं मान डोलावली. डॉक्टरच्या एक घर खाली आणि तलाठ्याच्या एक घर वर, असं काहीतरी त्यांनी मनात मांडलं असावं. दुसऱ्यांदा विचारलं ते सोळा वर्षांनी, मेट्रन मॅडमनी. त्यांना जीएनएम म्हणजे काय हे नेमकं ठाऊक होतं, त्यामुळं मान काही डोलली नाही.

झालं होतं असं की हॉस्पिटलला मानांकन घ्यायचे वेध लागले होते. असे वेध लागले की भिंतींना रंग येतो, जिन्यावर बाणांचे स्टिकर येतात आणि व्यवस्थापनाला फाइलीत पदवीधर माणसं हवीशी वाटू लागतात. आयसीयूची इन्चार्ज निवृत्त झाली. तिच्या जागी मी, हे वॉर्डातल्या मावशींपासून कँटीनच्या अण्णांपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. अण्णांनी तर एक दिवस चहाचे पैसेही घेतले नाहीत. झाली कोण? तर दोन वर्षांपूर्वी लागलेली एक मुलगी. बीएस्सी नर्सिंग. मुलगी गुणी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पहिल्या आठवड्यात एका सुजलेल्या हातावर तिला शीर सापडेना, तेव्हा मीच ती बोटानं चाचपून दाखवली होती. आता माझा ड्यूटीचा तक्ता ती लावते आणि नाईट देताना "सॉरी हं दीदी" म्हणते.

आमचा जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा, साडेतीन वर्षांचा. आमच्या आधीच्या बॅचेसना तीन वर्षं होती, नंतर पुन्हा तीन झाली. मधल्या काळात भरती झालेल्या आम्हां पोरींच्याच नशिबी ते वरचं अर्ध वर्ष आलं. इतरांना साडेसाती असते, आमची साडेतिनी होती. पण साडेतीन झाली तरी डिप्लोमा तो डिप्लोमाच. बीएस्सी व्हायचं तर पुढं पोस्ट बेसिक करायचं, म्हणजे कॉलेजात बसून आणखी दोन वर्षं. खासगी हॉस्पिटलातली सिस्टर दोन वर्षं कॉलेजात जाऊन बसली तर तिचा पगार थांबतो. घराचा हप्ता थांबत नाही. एका कॉलेजात जाऊन मी फी विचारली. खिडकीतल्या माणसानं तोंडानं आकडा सांगितला नाही, कागदावर लिहून तो कागद उलटा करून सरकवला. ऑपरेशनचा खर्च सांगताना आमच्याकडेही असंच करतात, त्यामुळं आकडा बघायच्या आधीच मी समजले.

"आई, ऑनलाइन कर ना," मुलगा म्हणाला. तो दहावीत. त्याच्या मते जगात जे ऑनलाइन होत नाही ते करायच्या लायकीचं नसतं. हे म्हणाले, "बघायला काय हरकत आहे?" बघायला लागणार नव्हतं ते ह्यांना.

तर नाईट ड्यूटीला पहाटे तीनच्या सुमाराला मी बघितलं. नाईट केलेल्या माणसाला तीन ते चारमधला तो काळ माहीत असतो. दोनचं अँटिबायोटिक देऊन झालेलं असतं, पाचचे ब्लड सॅम्पल काढायला अवकाश असतो, सलाईनचे थेंब आणि कोपऱ्यातल्या मावशींचं घोरणं एका लयीत चाललेलं असतं. माणसाला जे सुचू नये ते नेमकं याच वेळी सुचतं. मी मोबाइलवर टाइप केलं, स्वस्त ऑनलाइन नर्सिंग डिग्री, नोकरी करणाऱ्यांसाठी. एका चौकटीत नाव विचारलं होतं, ते दिलं. पुढच्या चौकटीत नंबर विचारला होता, तोही दिला. पेशंटच्या नातेवाइकाला सोळा वर्षांत मी कधी स्वतःचा नंबर दिलेला नाही.

सकाळी नऊ वाजता पहिला फोन आला. नाईट करून आलेल्या बाईला सकाळी नऊला उठवणं म्हणजे तुम्हाला रात्री दोनला उठवणं.

"गुड मॉर्निंग मॅम, काँग्रॅच्युलेशन्स!"

"कशाबद्दल?"

"मॅम, तुमची सीट रिझर्व्ह झाली आहे. आज रात्री बारापर्यंत भरलं तर तीस टक्के स्कॉलरशिप."

हे लोक स्वतःला काउन्सिलर म्हणवतात. आवाजावरून मुलगा तेवीसचा असेल. मी म्हटलं, "बाळा, प्रॅक्टिकलचं काय?"

"मॅम, सगळं व्हिडिओवर आहे."

"कॅथेटर घालायचंसुद्धा?"

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅम, त्याचं थ्री-डी ॲनिमेशन आहे."

"आणि बाळंतपण?"

"मॅम, ते... मी सीनियरना कनेक्ट करतो."

सीनियर आले. ते जाणकार होते. त्यांनी बाळंतपणाला बगल देऊन सरळ मुद्द्यालाच हात घातला. परराज्यात एक कॉलेज आहे, नाव तिथं लागेल, हजेरी 'मॅनेज' होईल, परीक्षेपुरतं यायचं. आमच्या धंद्यात याला 'नॉन अटेंडिंग' म्हणतात. शब्द कसा सोज्वळ आहे बघा, एखाद्या आजाराच्या प्रकारासारखा. मी विचारलं, "मग मी तिथं जाणार नाही, शिकणार नाही, आणि शिकले असा कागद मिळणार?" ते म्हणाले, "मॅम, तुम्हाला सगळं येतंच की." इतकी वर्षं नोकरी करून हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. ऐकवलं ते कुणी, तर मला फसवायला निघालेल्या माणसानं. क्षणभर पैसे भरावेसे वाटले.

पुढचे पंधरा दिवस माझा फोन माझा नव्हता. त्यात एमबीए करा म्हणणारे होते, फॅशन डिझायनिंगवाले होते, एकानं मला हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट घ्यायला लावलंच होतं. हॉस्पिटल आणि हॉस्पिटॅलिटी एकाच घरातल्या बहिणी अशी त्याची समजूत. सासूबाईंनी एकदा चुकून फोन उचलला आणि अर्धा तास बोलल्या. नंतर म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे ग, त्याचीही आई गुडघ्यांनी बेजार आहे."

याच दिवसांत आमची एक जुनी केरळची सहकारी अमेरिकेतून व्हिडिओवर भेटली. ती आता न्यूयॉर्क राज्यात आहे. तिला माझं दुःख कळेचना. "अगं, इकडं सगळ्या नर्सेस ऑनलाइनच बीएस्सी करतात," ती म्हणाली. खरं आहे ते. तिकडं नर्सचं लायसन हातात असलेल्या माणसाला नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी पुरी करता येते. हातानं करायचं काम शिकून झालंय असंच धरून चालतात आणि वरचं वाचन, संशोधन, व्यवस्थापन तेवढं शिकवतात. न्यूयॉर्कनं तर २०१७ साली कायदाच केला, की नव्यानं नोंदणी झालेल्या नर्सनं दहा वर्षांच्या आत बीएस्सी व्हायचं. "फी किती?" मी विचारलं. तिनं डॉलरमध्ये सांगितलं. मी मनातल्या मनात रुपये केले आणि विषय तिच्या कुत्र्यावर नेला.

आपल्याकडं कायदा याच्या नेमका उलट्या बाजूनं येतो. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत मुक्त आणि ऑनलाइन पद्धतीनं काय शिकवायचं नाही त्याची यादी आहे, त्यात वैद्यक आणि औषधनिर्माणाच्या पंगतीला नर्सिंगही बसवलंय. यादीत नाव बघून मला वाईट वाटावं की अभिमान, हे ठरेना. सोळा वर्षं 'अर्ध्या डॉक्टर' म्हणवून घेतलं, पण डॉक्टरांच्या शेजारी नाव लागलेलं पहिल्यांदाच पाहिलं, तेही मनाईच्या पाटीवर.

मग लायब्ररीतल्या एका जुन्या सिस्टरनी वाट दाखवली. (आमच्या हॉस्पिटलात लायब्ररी म्हणजे स्टोअररूममधलं एक कपाट. त्याच्यावर व्हीलचेअरचे सुटे पाय ठेवलेले असतात.) "इग्नूचं बघ," त्या म्हणाल्या, "आम्ही नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेच केलं." इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चं, दूरशिक्षणानं पोस्ट बेसिक बीएस्सी आणि त्याला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता, मनाईच्या त्या पाटीनंतरही उरलेलं असं हे एकच घर. मुदत कमीत कमी तीन वर्षं. जीएनएम हवं, कौन्सिलची नोंदणी हवी, नोंदणीनंतर निदान दोन वर्षांचा अनुभव हवा आणि प्रवेश परीक्षा. 'ऑनलाइन' मात्र नाही. पुस्तकं घरी, स्वाध्याय हातानं लिहायचे, आणि प्रात्यक्षिकाला केंद्रावर जाऊन तोंड दाखवायचं. तिन्ही वर्षांचा खर्च धरला तरी त्या उलट्या कागदावरच्या आकड्याला कुठं पुरत नव्हता. मला स्वस्त हवं होतं, ते मिळालं. ऑनलाइन तेवढं निसटलं.

आता कागदपत्रं. इथं जरा बसून सांगावं लागेल.

माझ्या जीएनएमच्या सर्टिफिकेटवर नाव आहे मंगल, पुढं वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. कौन्सिलच्या नोंदणीवर तेच. लग्नात आमच्याकडं तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहितात, तसं ह्यांनी लिहिलं, मीनल. ते ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले, नाव मात्र आधार कार्डावर जाऊन बसलं. पॅन कार्डावर मंगल राहिलं, पण आडनाव सासरचं. पहिल्या हॉस्पिटलाच्या पगारपत्रकावर नुसतं 'मंगला सि.' म्हणजे विद्यापीठाच्या नजरेनं बघायचं तर डिप्लोमा एकीनं केला, अनुभव दुसरीनं घेतला, कर तिसरी भरते आणि प्रवेश चौथीला पाहिजे.

या चौघींना एकत्र आणायचं तर प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्र. नोटरीकडं गेले. त्यांनी कागद बघितले, शिक्का उचलला आणि विचारलं, "आपण कुठं असता?" मी सांगितलं. शिक्का तसाच हवेत धरून ते म्हणाले, "मग जरा बीपी बघता का? सकाळपासून मान धरलीय." मशीन माझ्या पर्समध्ये असतंच, घराची किल्ली विसरेन पण ते नाही. बघितलं, १५० वर ९६. गोळी चुकवता का विचारलं. चुकवत होते. शिक्का बसला.

राजपत्राचा अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रातल्या पोराला काही नव्हतं, पण त्यानं आईला आणून बसवलं. पहिलं हॉस्पिटल, जिथला अनुभवाचा दाखला हवा होता, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. माझ्या मेल वॉर्डाच्या जागी हेडफोन टांगलेत. तिथले डॉक्टर निवृत्त होऊन घरी जास्वंदीची छाटणी करत होते. त्यांनी जुनं लेटरहेड शोधून काढलं, मी कधीपासून कधीपर्यंत होते ते मलाच विचारून लिहिलं, सही केली आणि काही न बोलता बाही वर केली. "सर, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात," मी म्हटलं. "म्हणून तर," ते म्हणाले, "मी घेतलं की कमी येतं."

शेवटचा कागद आमच्याच हॉस्पिटलाचा, ना हरकत प्रमाणपत्र. मला पदवी नाही ही ज्यांची हरकत होती, त्यांची मी पदवी घ्यायला हरकत नाही असं त्यांनी लिहून द्यायचं होतं. फाइल पाच आठवडे फिरली. व्यवस्थापक साहेबांना कधी नव्हे ते चक्कर आल्यासारखं झालं, त्या दिवशी सही झाली. यात माझा काही हात नाही. बीपी नॉर्मल होतं, जेवले नव्हते.

प्रवेश परीक्षेच्या केंद्रावरचं दृश्य मी विसरणार नाही. एरवी परीक्षेला आया मुलांना सोडायला येतात. इथं मुलं आयांना सोडायला आली होती. "पाणी घेतलं का? हॉल तिकीट? सगळं वाचून मगच लिही," माझा मुलगा मला सांगत होता. आजवर मी त्याला जे ऐकवलं, ते त्यानं दाराशी पाच मिनिटांत फेडलं. आत बसलेल्या बायकांपैकी निम्म्या रात्रपाळी करून आलेल्या, ते डोळ्यांवरूनच कळत होतं. माझ्या पुढची बाई पेपर हातात पडायच्या आधी बसल्या बसल्या झोपली. पर्यवेक्षक घाबरून धावले तर मागून चौघी एकदम म्हणाल्या, "काही नाही सर, श्वास बरोबर चाललाय."

प्रवेश मिळाला. पुस्तकांचा गठ्ठा घरी आला. उत्साहानं पहिलं पुस्तक उघडलं, नर्सिंग फाउंडेशन. त्यात बिछाना कसा घालावा ते होतं. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत कसा दुमडावा, घडी बाहेर दिसू न देता गादीखाली कसा सरकवावा. रोज वीस खाटा या हिशोबानं मी आजवर लाखभर तरी बिछाने घातले असतील, पण पंचेचाळीस अंश हा शब्द वाचल्यावर हात अडला. घरी पलंगावर करून बघितलं, जमेना. मुलाचा कंपास पेटीतला कोनमापक आणला. अठ्ठेचाळीस भरले. तीन अंशांची ही चूक घेऊन मी सोळा वर्षं माणसं बरी करत होते.

स्वाध्याय लिहायला बसायचे ते दहावीच्या मुलाबरोबर, एकाच टेबलावर. सासूबाई दोघांना सारखंच दूध आणून द्यायच्या आणि दोघांनाही सारखंच म्हणायच्या, "मोबाइल बाजूला ठेव." कम्युनिकेटिव्ह इंग्लिशचा पेपर होता, तो मुलानं तपासला. त्यानं लाल पेन मागून घेतलं तेव्हाच मला संशय आला होता.

अभ्यासातला एक आनंदही सांगते. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंची तसबीर आम्ही दर १२ मे ला पुसतो आणि हार घालतो, दिवा हातात धरलेली. त्या दिव्यामुळं बाई दिवसभर काय करायच्या हे कुणी विचारत नाही. तर या बाई हिंदुस्थानात एकदाही आल्या नाहीत. पण १८५९ नंतर इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या धाडून, पाणी कुठलं पिता, गटार कुठं जातं, शिपाई कशानं मरतात, हे सगळं लंडनमध्ये, बराच काळ अंथरुणावरून, गोळा केलं आणि इथल्या आरोग्यावर रिपोर्ट लिहिले. उत्तरं जहाजानं जायची. नर्सिंगमधल्या दूरशिक्षणाच्या आद्य गुरू या. माझ्या स्वाध्यायाला पोस्टात चार दिवस लागले तेव्हा कुरकुर करायची सोय राहिली नाही.

प्रात्यक्षिकाला पुण्याच्या केंद्रावर जायचं होतं. साताऱ्याहून पहाटेची विनाथांबा एसटी धरली, स्वारगेटला उतरले, लॅबमध्ये पोचले आणि ट्यूटर म्हणून समोर जी उभी राहिली, ती बघून मी दाराशीच थांबले. आठ वर्षांपूर्वी ही आमच्या वॉर्डात विद्यार्थिनी म्हणून यायची. पहिलं इंजेक्शन देताना हिचा हात थरथरला तेव्हा हिच्या हातावर हात ठेवून सुई मी टोचली होती. पेशंटला वाटलं दोघींनी मिळून दिलं म्हणजे दुप्पट डोस, तो ओरडला होता.

तीही ओशाळली. "दीदी, तुम्ही बसा ना," म्हणाली. मग आठवलं की मला उभं राहून करायचं आहे आणि तिला बसून मार्क द्यायचे आहेत.

टेबलावर प्लॅस्टिकचा माणूस निजवला होता. त्याचा दंड रबराचा, कुणाकुणाच्या सुयांनी चाळण झालेला. इंजेक्शन, स्नायूमध्ये. मी हात धुतले, ट्रे लावला, औषध, मुदत, डोस तपासला, हवा काढली, जागा पुसली, सुई काटकोनात घातली, मागं ओढून रक्त येत नाही ना बघितलं, औषध सोडलं, सुई काढली. सुई घालण्यापासून काढण्यापर्यंत बारा सेकंद. एवढ्यात आमच्या वॉर्डात पुढच्या खाटेवरच्या माणसानं बाही वर केलेली असते.

ती कागदाकडं बघत होती. "दीदी, चार नंबरची स्टेप राहिली."

"कुठली?"

"पेशंटला ओळख सांगून प्रक्रिया समजावून देणे. दोन मार्क आहेत."

"अगं, तो प्लॅस्टिकचा आहे."

"तरी," ती म्हणाली.

मग मी त्या माणसाच्या कानाशी वाकले. मामा, मी मंगल सिस्टर, म्हणजे आधारवर मीनल, आता एक इंजेक्शन देते, हात सैल सोडा, मुंगी चावल्यासारखं होईल, झालंसुद्धा. मामा छताकडं बघत राहिले. माझ्या मागं रांगेत उभ्या असलेल्या सहा सिस्टर हसल्या, ट्यूटर हसली नाही, तिला पेन्सिल सापडत नव्हती. सुई टोचून झाल्यावर समजावलेलं धरता येत नाही, असं तिनं हळूच सांगितलं आणि ते दोन मार्क कापले. बरोबर होतं तिचं. हे तिला मीच शिकवलं होतं, त्या ओरडलेल्या पेशंटनंतर.

सगळ्यांचं आटपून लॅब रिकामी झाली. मी पर्स उचलली, परतीची गाडी पाचची होती. तिनं मार्कांचे कागद फाइलीत घातले, दाराकडं एकदा बघितलं आणि ॲप्रनची बाही वर सारत म्हणाली, "दीदी, मशीन आणलंय का? दोन दिवस डोकं फार दुखतंय."

१४० वर ९० होतं. मी तिला लोणचं बंद करायला सांगितलं. ते दोन मार्क तिनं काही परत दिले नाहीत.